पाचवे कारण

हार्बर मार्गावर शिवडी आणि रे रोड या स्थानकांच्या मध्ये कॉटन ग्रीन लागते. तिथली कापूस बाजाराची हिरवी इमारत आणि बंदराच्या जमिनीवरच्या गोदामांच्या रांगा १९२० च्या दशकातल्या. त्याआधी मुंबईचा रुईचा व्यापार कोटातल्या मैदानावर आणि नंतर कुलाब्याला चाले. दैवाशी वागण्याच्या दोन रीती या व्यापाराने मुंबईला शिकवल्या, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पहिली रीत पारख्याची. गाठीतून नमुना काढायचा, चिमटीत धरून तंतू ओढायचा, त्याची लांबी आणि ताकद बोटांनी जोखायची, कचरा किती आणि रंग कसा ते उजेडात पाहायचे आणि मगच भाव बोलायचा. पुढच्या हंगामाचा पाऊस कोणाच्याच हातात नसतो, तेव्हा वायदा करून ती जोखीम दोघांनी वाटून घ्यायची. दुसरी रीत आकड्याची. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला येत आणि लोक त्यांवर पैसे लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आधार सुटला, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि परळ-लालबागच्या गिरणी वस्तीतले कितीतरी पगार त्या मडक्यात गेले. माल एकच, उद्याचे अज्ञानही एकच. पारखी त्या अज्ञानाला जमेल तितका हात लावून पाहतो आणि आकडा लावणारा हात जोडून बसतो, एवढाच दोघांत फरक. मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणारा माणूस या दोघांपैकी कोण, हा प्रश्न वरवर खेळाचा वाटला तरी मुळात तो दैव आणि प्रयत्न यांच्या जुन्या वादातला आहे. लोकमत त्याला बेधडक दुसऱ्या रांगेत बसवते: जिवावर उदार झालेला, नशिबाशी जुगार खेळणारा. हे मत चुकीचे आहे असे मला वाटते. ते का चुकीचे आहे हे नीट पाहिले, तर कर्म आणि दैव यांविषयी आपण रोज जे बोलतो त्यातलेही बरेच काही तपासावे लागते.

या माणसाचे वर्ष प्रत्यक्षात कसे जाते ते आधी पाहू. मुंबईत मोटारसायकल शर्यतीचा कायमचा ट्रॅक नाही. डांबरी ट्रॅकवर उतरायचे तर तेराशेहून अधिक किलोमीटर जाऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा पावणेचार किलोमीटरांचा ट्रॅक गाठायचा, नाहीतर कोइम्बतूरचा करी स्पीडवे. मातीतल्या उड्यांची परंपरा पुण्याकडे जोरात आहे. ऋग्वेद बारगुजेसारखा सुपरक्रॉस विजेता तिथलाच, आणि २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. पण ट्रॅक कुठलाही असो, प्रत्यक्ष शर्यत फार थोडा वेळ चालते. राष्ट्रीय स्पर्धांतल्या बऱ्याचशा शर्यती पाऊण तासही घेत नाहीत. बाकीचा सगळा काळ व्यायामाचा, सरावाचा, चाचणीचा आणि दुरुस्तीचा. चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. टायरमधली हवा थोडी कमी केली, चार-पाच फेऱ्या मारल्या, वेळ नोंदवली. पुढच्या सस्पेन्शनचा ताण वाढवला, पुन्हा फेऱ्या, पुन्हा नोंद. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कळत नाही. याच कंटाळवाण्या दिवसांत लहान अपघात होतात. थंड टायरवर वळण जरा लवकर घेतले की पुढचे चाक सुटते, गाडी आडवी होऊन घसरत वाळूखड्यात जाते आणि रायडर तिच्या मागून घसरत येतो. याला लो-साइड म्हणतात. लिव्हर वाकतो, पायदान तुटते, लेदर सूटचा कोपरा घासून निघतो, क्वचित गळपट्टीचे हाड जाते. त्यापेक्षा वाईट हाय-साइड. त्यात सुटलेले मागचे चाक एकदम पुन्हा पकड घेते आणि स्वाराला वर भिरकावून देते. सरावातला रायडर लो-साइडला फारसे मनावर घेत नाही. उठतो, हातपाय हलवून पाहतो, गाडी उभी करतो आणि पिटमध्ये आल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो आपण नेमके कोणत्या क्षणी ब्रेक सोडला, हा.

या बेफिकिरीमागे टायरचे एक शास्त्र आहे. टायरची पकड सर्वांत जास्त असते ती तो किंचित घसरत असताना. अजिबात न घसरणारा टायर आपल्या पूर्ण ताकदीने रस्ता धरत नसतो, आणि घसरणे थोडे वाढले की पकड झपाट्याने ढासळते. जी सीमा गाठायची ती अशी निसटती आहे. अलीकडून पाहून तिचा अंदाज बांधता येतो. ती नेमकी कुठे आहे हे मात्र कधीतरी पलीकडे पाय पडल्याशिवाय कळत नाही. मार्क मार्केझने २०१७ चे मोटोजीपी विश्वविजेतेपद जिंकले त्या हंगामात तो २७ वेळा पडला. त्यांपैकी मुख्य शर्यतींत पडला तो अर्जेंटिना आणि फ्रान्स अशा दोनच ठिकाणी. बाकीची पडझड सराव आणि पात्रता फेऱ्यांमधली. नशीब आजमावणाऱ्या माणसाच्या पडण्याची वाटणी अशी नसते. नशिबावर विसंबलेला माणूस जिथे बक्षीस असते तिथे धोका घेतो आणि जिथे काही मिळायचे नसते तिथे सांभाळून राहतो. मार्केझ नेमके उलटे करत होता. जिथे पडण्याची किंमत कमी आणि पडण्यातून कळणारे जास्त, तिथे तो पडत होता, म्हणजे जिथे पडणे महागात जाईल तिथे सीमा आधीच ठाऊक असावी. गाठीतून नमुना काढून तंतू तुटेपर्यंत ओढणारा पारखी हेच करतो. नमुन्यातले चार तंतू तुटतात, पण सौदा बुडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोणत्याही कर्माची सिद्धी पाच कारणांनी होते, असे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. कर्म जिथे घडते ते अधिष्ठान, ते करणारा कर्ता, वेगवेगळी करणे म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. जुन्या टीकाकारांनी ही पाचही कारणे माणसाच्या आतच पाहिली आहेत. शंकराचार्यांच्या भाष्यात आणि ज्ञानेश्वरीतही अधिष्ठान म्हणजे शरीर, करणे म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणवायूंचे व्यापार आणि दैव म्हणजे त्या त्या इंद्रियाला बळ देणाऱ्या देवता. रामानुजांनी पाचव्या जागी अंतर्यामी परमात्माच ठेवला. हे अर्थ मी खोडून काढत नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण सामान्य मराठी वाचक ‘दैव’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जो अर्थ असतो, म्हणजे आपल्या हाताबाहेरचे जे काही उरते ते, तो घेऊनही ही यादी वाचता येते, आणि तसे वाचताना तिच्यातला क्रम लक्ष वेधतो. दैव आहेच, ते वगळलेले नाही, पण ते शेवटी आहे. आपल्या बोलण्यात नेमका हाच क्रम उलटतो. काही विपरीत घडले की पहिले नाव दैवाचे निघते आणि बाकीच्या चार कारणांची विचारपूस राहूनच जाते.

शर्यतीच्या पिटमध्ये हा क्रम सुलटा ठेवल्याशिवाय काम चालत नाही. गाडी पडून परत आली की अधिष्ठानापासून चौकशी सुरू होते. ट्रॅकवर आधीच्या कोणाचे तेल सांडले होते का, डांबर किती तापले होते, वळणाच्या कडेवर वाळू होती का. मग कर्ता: रायडर दमला होता का, रात्री झोपला होता का, पुढच्याला मागे टाकण्याच्या ईर्ष्येत होता का. मग करणे: टायर किती फेऱ्या जुना, ब्रेकचे पॅड कसे होते, नट ढिला झाला होता का. त्यासाठी तर नियमच आहे. ऑइल ड्रेनचा बोल्ट सुटू नये म्हणून त्याला भोक पाडून तारेने बांधलेला नसेल, तर तपासनीस गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत. टाकीवर गणपती चिकटवलेला असेल तर त्याला कोणी हरकत घेत नाही, पण गणपती आहे म्हणून तारेची सूटही कोणी देत नाही. ही वाटणी मला धर्मदृष्ट्याही योग्य वाटते. मग चेष्टा: गाडीवर नोंदणी यंत्र असेल तर थ्रॉटल किती उघडला होता, ब्रेकचा दाब कधी कमी झाला, गाडी किती कलली होती, हे सगळे रेषांच्या रूपात समोर येते. या चारही ठिकाणी काहीच सापडले नाही तरच मेकॅनिक खांदे उडवतो आणि म्हणतो, असते एखाद्याचे नशीब. हे वाक्य तोही म्हणतो, पण ते म्हणण्याचा हक्क त्याने तासभर राबून मिळवलेला असतो.

यावर पहिला आक्षेप कर्मसिद्धान्ताकडून येईल. पूर्वकर्माचे फळ भोगायचेच आहे तर टायर तपासून काय होणार? ‘देव तारी त्याला कोण मारी’ हे आपण एका श्वासात म्हणतो आणि ‘असेल माझा हरी’ म्हणून खाटल्यावर पडणाऱ्याची टिंगलही त्याच तोंडाने करतो, म्हणजे लोकबुद्धीला दोन्ही बाजू ठाऊक आहेत. पण शास्त्रही खाटल्याच्या बाजूने नाही. योगवासिष्ठातल्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ तरुण रामाला जे सांगतात ते फार कडक आहे. दैव म्हणून वेगळी काही शक्ती नाही, ते आपल्याच आधीच्या प्रयत्नाचे नाव. आधीचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे झुंजतात आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्माला नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि दैव हे बी तर पुरुषार्थ हे शेत, शेताशिवाय बी वाया जाते, असे उत्तर त्याला मिळते. याज्ञवल्क्य स्मृतीचा दाखला रथाचा आहे: एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषार्थावाचून दैव सिद्धीला जात नाही. (मोटारसायकलवाला एका चाकावरही काही अंतर जातो, हे याज्ञवल्क्यांना कोणी दाखवले नसावे. पण किती अंतर, ते त्यालाही माहीत असते.) समर्थांचा दासबोध यत्नाचा कैवारी आहे हे महाराष्ट्राला सांगायला नको, आणि टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले ते याच पेचापायी. शेजारच्या परंपरेतही वेगळे नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी तो बांधायला सांगणारी हदीस प्रसिद्ध आहे. वसिष्ठांच्या म्हणण्याला सरावाच्या ट्रॅकवर सरळ पुरावा मिळतो. शुक्रवारी जे वळण रायडरला दैवाधीन वाटत होते, ते दोनदा पडल्यावर आणि वीस फेऱ्यांनंतर रविवारी त्याच्या हातातले होते. वळण तेच राहिले, फक्त दैवाच्या ताब्यातला त्याचा तुकडा लहान झाला. अर्थात ही सोय बंद ट्रॅकपुरती. डाकारसारख्या वाळवंटी रॅलीत तेच वळण पुन्हा येत नाही, तिथे रस्त्याऐवजी स्वतःच्या सवयी पारखून ठेवाव्या लागतात.

दुसरा आक्षेप यापेक्षा पुष्कळ जड आहे, आणि त्याला ग्रंथांचे दाखले पुरत नाहीत. चारही कारणे तपासून, सगळे नियम पाळून माणसे मरतात किंवा जबर जखमी होतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत पडला आणि दगावला. २०२१ च्या मे महिन्यात इटलीतल्या मुगेल्लो इथे १९ वर्षांचा जेसन दुपास्किए पात्रता फेरीत पडला, मागून येणाऱ्या गाड्यांची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष २०२१ च्या जानेवारीत सौदी अरेबियात असा पडला की डोक्याच्या दुखापतीमुळे त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. यांना काय सांगायचे, की तुमची तपासणी अपुरी होती? असे म्हणणारा माणूस निर्दय तर आहेच, शिवाय चूकही आहे. पाच कारणांच्या यादीचा उपयोग इथे उलट्या दिशेने होतो. पाचवे कारण खरोखर आहे, ते चारांत विरघळत नाही, आणि जो ते नाकारतो तो पुढे प्रत्येक पडलेल्याला दोषी ठरवत सुटतो. वसिष्ठांची भूमिका शब्दशः घेतली तर हाच धोका आहे, आणि म्हणून मला तिथे गीतेची मोजणी जास्त प्रामाणिक वाटते. तरीही या मृत्यूंकडे पाहून जग नुसते हात जोडून बसले नाही, हेही नोंदवायला हवे. २०२१ च्या एकाच हंगामात युरोपातल्या ट्रॅकवर किशोरवयीन तीन रायडर गेले, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने विश्वस्पर्धेची किमान वयोमर्यादा २०२३ पासून १८ वर आणली. गीतेच्या भाषेत सांगायचे तर ‘कर्ता’ या कारणाची फेरतपासणी झाली. आपण काय पत्करतो आहोत हे ज्याला समजू शकत नाही, त्याला कर्ता कसे म्हणायचे? तेरा वर्षांच्या मुलाच्या धाडसाचे कौतुक करताना हा प्रश्न आपल्याकडे फार कमी विचारला जातो.

याच आक्षेपातून माझ्या म्हणण्याला एक मर्यादा पडते, आणि ती मी मान्य करतो. लहान अपघात ही आपोआप मिळणारी गोष्ट नाही. कोणीतरी वळणाच्या बाहेर वाळूखडा खणलेला असतो, भिंत मागे सरकवलेली असते, झेंडा घेऊन माणूस उभा केलेला असतो, म्हणून पडणे लहान राहते. आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत पडण्यासाठी अशी मोकळी जागा जवळजवळ नाही. साठ किलोमीटरांचा तो रस्ता गावातून, दगडी कुंपणांना आणि घरांच्या भिंतींना घासून जातो. १९११ पासून त्या माउंटन कोर्सवर अडीचशेहून अधिक स्पर्धक मेले. तिथले रायडर अज्ञानी नसतात. तो रस्ता पाठ करायला ते वर्षे देतात. पण तिथे सीमेपलीकडे पाऊल टाकून परत येता येत नाही, त्यामुळे सीमा कधीच तपासली जात नाही, फक्त तिच्यापासून दूर राहण्याचा अंदाज बांधला जातो. तो अंदाज कितीही मुरलेला असला तरी पारख्याची रीत त्यात उरत नाही, ती आकड्याकडे झुकते. तेव्हा धोका पत्करणे धर्म्य की अधर्म्य हे ठरवायला धोक्याचे आकारमान किंवा पत्करणाऱ्याचे धैर्य पुरेसे नाही. चूक लहान ठेवणारी जागा तिथे आहे का, आणि त्या चुकीतून मिळालेले ज्ञान पुढच्या फेरीत उपयोगी पडते का, हे मी आधी विचारेन.

तिसरा आक्षेप धार्मिक घरांतून हमखास येतो: शरीर हे धर्माचे पहिले साधन, ते खेळापायी मोडायला दिलेले नाही. सैनिकाने, आग विझवणाऱ्याने जीव धोक्यात घातला तर त्याला कारण आहे, या माणसाला काय कारण? रेसिंगमुळे ब्रेक सुधारले, टायर सुधारले, हवेच्या पिशव्यांचे सूट आले, असे उत्तर सहसा दिले जाते. ते खोटे नाही, पण ते मला बचावाच्या वकिलाचे उत्तर वाटते. कोणताही रायडर दुसऱ्याच्या स्कूटरचा ब्रेक सुधारावा म्हणून पहाटे उठून धावायला जात नाही. खरे उत्तर असे की माणसाला आपली सीमा जाणून घ्यायची ओढ असते आणि धर्मपरंपरेने ती ओढ कधीच पाप मानलेली नाही. तिला वळण लावले आहे. लालबाग-परळमध्ये याचा दाखला दरवर्षी डोळ्यांसमोर असतो. दहीहंडीच्या थरांची तालीम गुरुपौर्णिमेपासून रात्रीच्या रात्री चालते, आणि त्या तालमीत पडणे गृहीत धरलेले असते. खाली झेलणारे हात असतात. कोर्टाने २०१४ मध्ये उंचीवर २० फुटांची आणि वयावर १८ वर्षांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर न चढवण्याची हमी सरकारने दिल्यावर ती शिथिल झाली, आणि २०२२ मध्ये राज्याने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. या सगळ्या वादात कोर्टाने किंवा सरकारने ‘थर लावूच नका’ असे म्हटले नाही. वाद कर्त्याच्या वयाचा आणि अधिष्ठानाच्या उंचीचा होता. ज्या समाजाने गोविंदाला ही मुभा दिली, त्याला रेसरपुढे शरीराच्या पावित्र्याचा मुद्दा आणताना थोडे अडखळायला हवे.

रेसरच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याच्या दोषाकडे डोळेझाक करून चालणार नाही, आणि तो दोष भीतीचा किंवा बेपर्वाईचा नसून अहंकाराचा आहे. चार कारणे हातात येत गेली की पाचवेही आपल्याच मुठीत आहे असे वाटू लागते. पाच कारणे सांगून झाल्यावर गीता लगेच पुढे म्हणते की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी अजून तयार झालेली नाही. मार्केझचेच उदाहरण पुन्हा घ्यावे लागते. १९ जुलै २०२० रोजी हेरेझच्या शर्यतीत त्याचा उजवा दंड मोडला, २१ तारखेला शस्त्रक्रिया झाली आणि २५ तारखेला तो पुन्हा गाडीवर बसला. त्याच दिवशी त्याला माघार घ्यावी लागली, काही दिवसांत दंडातली पट्टी तुटली, ऑगस्टमध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली, पुढे आणखी दोन झाल्या, आणि पुढचे विश्वविजेतेपद २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जपानमधल्या मोटेगीला मिळाले. हेरेझचे पडणे एका क्षणाचे होते. पाच वर्षे गेली ती त्यानंतरच्या घाईत. सरावात प्रत्येक टायरची हवा मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाडाला मात्र इच्छाशक्तीच्या भरवशावर सोडले. इथे तो पारखी नव्हता, आकडा लावत होता. एकच माणूस दोन्ही रीतींनी वागू शकतो, म्हणून ‘रेसर’ या जातीलाच निर्दोष ठरवणारा निकाल मला देता येत नाही. निकाल प्रत्येक कृतीगणिक द्यावा लागतो.

राहिला तो आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटतो. पडून शिकण्याची चैन कोणाला परवडते? लेदर सूट, टायर, चेन्नईपर्यंत गाडी नेण्याचा खर्च, दोन महिने हाड जुळेपर्यंत बसून खाण्याची सोय हे सगळे असेल तरच पडणे लहान राहते. काळाचौकी किंवा अभ्युदयनगरचा मुलगा पाठीवर जेवणाची पेटी अडकवून रात्री घोडपदेवपासून शिवडीपर्यंत मोटारसायकल पिटाळतो, त्याच्या आणि रेसरच्या चाकाखालचे भौतिकशास्त्र एकच आहे. पण तो पडला तर त्याला धडा मिळत नाही, त्याची रोजी बुडते. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याने माझा युक्तिवाद मोडत नाही, उलट त्याचे टोक कुठे वळवायचे ते कळते. त्या मुलाला दैववादी म्हणणे सोपे आहे; त्याच्या हँडलला लिंबू-मिरची असते, खंडेनवमीला गाडीला हार आणि चाकाखाली लिंबू असते. पण त्याच्या चार कारणांपैकी किती त्याच्या हातात आहेत? अधिष्ठान म्हणजे कॉटन ग्रीनचा तो रस्ता: गोदामांत ये-जा करणाऱ्या ट्रकांनी खचवलेला, ठिकठिकाणी सांडलेल्या तेलाचा, आणि १९१५ मध्ये सुरू झालेल्या बंदर रेल्वेचे रूळ जिथे जिथे उरले आहेत तिथे तिथे ते रस्त्याला तिरके छेदणारे. पावसात तिरक्या रुळावर दुचाकीचे चाक गेले की काय होते ते कोणत्याही रायडरला विचारावे. करणे म्हणजे हप्त्यावर घेतलेली गाडी आणि गुळगुळीत झालेला टायर, जो बदलायचा तर आठवड्याची कमाई जाते. चेष्टा म्हणजे दुसऱ्याने ठरवून दिलेल्या मिनिटांत पोहोचण्याची घाई. एवढे सगळे दुसऱ्यांनी आधीच ठरवून ठेवल्यावर त्याच्या वाट्याला फक्त पाचवे कारण उरते. मग तो त्याची पूजा करतो यात नवल ते काय? त्याला कोणी यत्नाचे माहात्म्य सांगू लागला तर त्याने ते ऐकून घ्यावे, अशी अपेक्षा मी करणार नाही.

रेसरच्या ट्रॅकवर अधिष्ठान सुधारणे हे आयोजकाचे काम असते आणि ते झाले नाही तर रायडर उतरायला नकार देऊ शकतात. तसे नकार दिलेही गेले आहेत. शहराच्या रस्त्यावर ते काम महापालिकेचे, बंदर प्राधिकरणाचे आणि राज्याचे. त्यांनी दुचाकीस्वारासाठी जे ठळक निर्णय घेतले ते बहुतेक मनाईचे आहेत. जे. जे. उड्डाणपुलावर त्याला २०१० पासून बंदी आहे, सागरी किनारा मार्गावर प्रवेश नाही, आणि कॉटन ग्रीनच्या शेजारी शिवडीलाच सुरू होणाऱ्या, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवरही नाही. कारण सुरक्षिततेचे दिले जाते, आणि वेगवान मोटारींच्या मध्ये दुचाकी नको हे म्हणणे मला पटतेही. पण शहरातला सर्वांत गुळगुळीत, सर्वांत उजेडाचा, रूळ आणि तेल नसलेला पृष्ठभाग वर आहे, आणि बंदी घातलेला माणूस खालच्या रस्त्यानेच जाणार हे सर्वांना ठाऊक आहे. सुरक्षिततेच्या या हिशेबात खालचा रस्ता कोणी धरलेला दिसत नाही.